झोपलेल्या व्हायरसला खोटं बोलता येत नाही

तारीख ५ जानेवारी. नव्वदच्या दशकाची सुरुवात. ऑफिसात कुणीतरी कॉम्प्युटर सुरू करतं आणि थोड्या वेळात पडदा जागच्या जागी थिजतो. त्यावर इंग्रजीत एवढंच लिहिलेलं: 'टाइप हॅपी बर्थडे जोशी'. एंटर दाबा, एस्केप दाबा, कीबोर्ड बडवा, काही म्हणजे काही हलत नाही. शेवटी वैतागून 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप केलं, की कॉम्प्युटर पुन्हा चालू!

दोस्तांनो, हा होता जोशी व्हायरस. जून १९९० मध्ये तो पहिल्यांदा पकडला गेला, आणि तोही आपल्या भारतात. तोवर तो देशभर चांगलाच पसरला होता, आफ्रिकेतल्या काही भागांतही जाऊन पोचला होता. तेव्हा आपल्याकडे घरोघरी इंटरनेट कुठलं? जोशी फिरायचा फ्लॉपीवर बसून. फ्लॉपी म्हणजे सव्वापाच इंचांची, काळी, चौकोनी, हातात धरली तर वाकणारी तबकडी. एका कॉम्प्युटरमधून काढायची, दुसऱ्यात घालायची, आणि जोशीही सोबत जायचा.

वाढदिवसाचा हट्ट गमतीचा आहे खरा, पण मला त्याहून मोठं नवल वाटतं ते जोशीच्या लपण्याचं. डिस्कवर अगदी सुरुवातीला ५१२ बाइटचा एक छोटासा कप्पा असतो. कॉम्प्युटर सुरू झाला की तो आधी हा कप्पा वाचतो आणि त्यात लिहिलेलं काम करू लागतो. जोशी नेमका तिथेच जाऊन बसायचा. तिथला मूळ मजकूर मात्र तो फेकून द्यायचा नाही, डिस्कवर दुसरीकडे जपून ठेवायचा. का? एखादा प्रोग्राम चौकशी करत आला, 'पहिल्या कप्प्यात काय आहे, दाखव पाहू,' की जोशी मधल्या मध्ये तो प्रश्न अडवायचा आणि जपून ठेवलेली मूळ प्रत पुढे करायचा. चौकशी करणारा खूश, सगळं ठीकठाक! ही युक्ती जोशीच्याही आधी, १९८६ मध्ये, 'ब्रेन' नावाच्या व्हायरसने करून दाखवली होती. तो लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी लिहिला होता.

मग जोशीला पकडायचं कसं? एक सुगावा मेमरीत मिळायचा. जोशी जागा असला की कॉम्प्युटरच्या मेमरीतली सुमारे ६ केबी जागा अडवून बसायचा. म्हणजे मशीनला ६४० केबी मेमरी असली, तर मोजणी करणारी कमांड ६३४ केबीच्या आसपास आकडा दाखवायची. आज आपल्या मोबाइलमधला एक फोटो काही हजार केबींचा असतो, त्यामुळे ६ केबी म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण त्या काळी जाणत्या माणसाच्या डोळ्यांत एवढी तूटही खुपायची.

खात्री करून घेण्याचा रस्ता मात्र एकच होता. कॉम्प्युटरचा वीजपुरवठा पूर्ण बंद करायचा. मग स्वच्छ असल्याची खात्री असलेली एक फ्लॉपी घालायची आणि त्या फ्लॉपीवरून मशीन सुरू करायचं. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून रीस्टार्ट केलेलं चालायचं नाही, कारण जोशी त्या तीन बटणांवरही नजर ठेवून असायचा. ती दाबली की तो रीस्टार्टचं नुसतं सोंग करायचा आणि मेमरीत जागच्या जागी राहायचा. वीज गेली की मात्र मेमरी सगळं विसरते. तिथे कुणाचीच हुशारी चालत नाही.

त्या फ्लॉपीची एक बारीक गोष्ट सांगतो. तिच्या एका कडेला छोटी चौकोनी खाच असायची. त्या खाचेवर चिकटपट्टी लावली, की ड्राइव्ह त्या फ्लॉपीवर काही लिहायचंच नाकारायचा. हे नाकारणं कुठल्या प्रोग्रामच्या हातात नव्हतं, ते ड्राइव्हच्या यंत्रातच होतं. म्हणून जगातला कितीही बिलंदर व्हायरस आला तरी खाच झाकलेल्या फ्लॉपीवर त्याला एक अक्षरही लिहिता यायचं नाही. बोटभर चिकटपट्टीची ही ताकद!

आता आपण थेट आजच्या कामठ्यात येऊ. गोंदिया तालुक्यातलं हे गाव, बिरसीच्या विमानतळाजवळचं. चारी बाजूंना धानाची शेतं. समजा, इथल्या एका ऑनलाइन सेंटरवर सातवीतली एक मुलगी पेनड्राइव्ह घेऊन आली आहे. तिला शाळेच्या प्रकल्पाचे फोटो प्रिंट करायचे आहेत. सेंटरवर गर्दी आहे. कुणाला सातबारा हवाय, कुणाला उत्पन्नाचा दाखला, कुणाला धान विक्रीची नोंदणी करायची आहे. पेनड्राइव्ह लावला आणि बघते तर काय, तिच्या फोल्डरांच्या जागी सगळे शॉर्टकट!

"भाऊ, माह्ये फोटो कुठं गेले?"

"व्हायरस आहे बाई. थांब, स्कॅन मारतो."

स्कॅन होतो. पडद्यावर हिरवी खूण उमटते. एकही व्हायरस सापडला नाही! पण सेंटर चालवणाऱ्या भाऊंना काही पटत नाही. गेले आठ दिवस मशीन रखडत चाललंय, आणि अँटिव्हायरस कंपनीची वेबसाइट तेवढी उघडतच नाही. बाकी सगळ्या उघडतात. हे शेवटचं लक्षण फार महत्त्वाचं. २००८ मध्ये जगभर धुमाकूळ घालणारा 'कॉन्फिकर' असाच वागायचा. अँटिव्हायरस कंपन्यांच्या नावांची यादी तो सोबत बाळगायचा आणि त्या वेबसाइटींची वाट तेवढी बंद करायचा.

"काहून सापडत नाही मग?" मुलगी विचारते.

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, तर त्याचं उत्तर नीट समजून घेऊ. धानाचं एक मोठं गोदाम आहे. तपासणीला साहेब आले. ते दारातच उभे राहून चौकीदाराला विचारतात, "आत किती पोती आहेत? कुणी परकं माणूस आहे का?" चौकीदार वही उघडतो आणि वाचून दाखवतो. साहेब ते लिहून घेतात आणि निघून जातात. आता चौकीदारच चोराला सामील असेल, तर साहेब कितीही हुशार असोत, त्यांच्या कागदावर काय येणार? चोराला हवं तेच! त्यांनी चौकीदाराला बाजूला करून, स्वतःच्या किल्लीने कुलूप उघडून, पोती स्वतःच्या हाताने मोजली, तरच खरं काय ते कळेल.

कॉम्प्युटरमध्ये चौकीदाराचं काम करते ती विंडोज, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. अँटिव्हायरस डिस्कवरची फाइल सहसा स्वतः जाऊन काढत नाही. तो विंडोजला सांगतो, 'या फोल्डरातल्या फाइलींची नावं दे.' विंडोज आणून देते. काही व्हायरस या देवाणघेवाणीच्या मधोमध जाऊन बसतात आणि यादीतून स्वतःचं नाव गाळून बाकीची यादी पुढे पाठवतात. अशा लपवाछपवी करणाऱ्या प्रोग्रामला रूटकिट म्हणतात.

हे किती सोपं आहे याचं एक खरं उदाहरण ऐका. २००५ मध्ये सोनी बीएमजी या कंपनीने गाण्यांच्या काही सीडींवर एक छुपा प्रोग्राम टाकला होता. गाण्यांची नक्कल होऊ नये म्हणून. सीडी कॉम्प्युटरवर वाजवायला घेतली की तो आत शिरायचा. त्यानंतर ज्या फाइलचं नाव 'डॉलर-एस-वाय-एस-डॉलर' या पाच चिन्हांनी सुरू होईल, ती फाइल विंडोजमध्ये दिसेनाशी व्हायची. कुठलीही फाइल, कुणाचीही! मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी हे उघड केलं. पुढे काही दिवसांतच दुसऱ्याच लोकांनी लिहिलेले व्हायरस हीच पाच चिन्हं नावापुढे लावून लपू लागले. शेवटी कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. गाणी ऐकणाऱ्याला न विचारता त्याच्या मशीनमध्ये असं काही घालणं मला तेव्हाही चीड आणणारं वाटलं, आजही वाटतं.

बरं, आपण भाऊंकडे परत जाऊ. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी एकच उपाय सांगतात, 'फॉरमॅट मारून टाका.' म्हणजे सगळं पुसून नव्याने सुरुवात. पण मशीनमध्ये लोकांची कागदपत्रं आहेत. आधी निदान काय झालंय ते तरी बघायला हवं की नाही? भाऊ दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर बसतात आणि एक रेस्क्यू डिस्क तयार करतात. दुसऱ्या मशीनवर का? रोगी मशीनवरच औषध बनवलं तर व्हायरस त्यातही हात घालू शकतो ना!

रेस्क्यू डिस्क म्हणजे एक सीडी किंवा पेनड्राइव्ह, जिच्यात स्वतःची आख्खी ऑपरेटिंग सिस्टिम असते, बहुतेक वेळा लिनक्स. तिच्यासोबत व्हायरस शोधणारा प्रोग्राम आणि व्हायरसांच्या खुणांची यादी. कॅस्परस्कायची रेस्क्यू डिस्क याच प्रकारातली. विंडोजमध्ये तर आता 'डिफेंडर ऑफलाइन' नावाची सोय आधीपासूनच असते. ती मशीन रीस्टार्ट करून नेहमीची विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करते, साधारण १५ मिनिटांत.

इथे सीडी म्हटलं की मला ती खाचेवरची चिकटपट्टी आठवते. एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीत रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेझरचा किरण त्यावर ठिपके उमटवतो आणि ते पुसता येत नाहीत. लिहून पूर्ण केलेल्या सीडीत व्हायरसला शिरायला वावच नाही. पेनड्राइव्ह सोयीचा, पण त्यावर पुन्हा लिहिता येतं, म्हणून तो जपून वापरायचा. आणखी एक. इंटरनेटवरून उतरवलेली रेस्क्यू डिस्कची फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. मशीनला तिच्यावरून सुरू होता यावं अशा रीतीने ती एका वेगळ्या प्रोग्रामने लिहावी लागते. इथे पुष्कळजण फसतात.

आता मशीन रीस्टार्ट. हो, इथे शट डाउन नको, रीस्टार्टच. गंमत बघा, जोशीच्या वेळी उलटं होतं! आजची विंडोज शट डाउन होताना पुढच्या वेळी झटपट सुरू होता यावं म्हणून आपली बरीचशी अवस्था डिस्कवर लिहून ठेवते, म्हणजे पूर्ण बंद होतच नाही. रीस्टार्ट केलं तर मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

मशीनमध्ये जीव आला, की सगळ्यांत आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्राम जागा होतो. पुढचं काम कुठून आणायचं, हार्ड डिस्कवरून की दुसरीकडून, हे तो ठरवतो. अगदी याच क्षणाला भाऊ एफ-१२ चं बटण दाबतात. काही मशीनवर ते एफ-९ असतं, काहींवर एस्केप. एक यादी दिसते, भाऊ त्यातून रेस्क्यू डिस्क निवडतात. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकू लागतात. लिनक्स जागी होतेय. विंडोज? ती हार्ड डिस्कवर पडून आहे, गाढ झोपेत. आणि तिच्यासोबत तो व्हायरसही.

हे जरा थांबून समजून घ्या, कारण सगळी जादू इथेच आहे. व्हायरस म्हणजे शेवटी काय? डिस्कवर लिहिलेल्या आकड्यांची एक रांग. प्रोसेसरने ती रांग आज्ञा म्हणून पाळायला घेतली, तरच व्हायरस जागा होतो, तरच तो प्रश्न अडवू शकतो, यादीतून नाव गाळू शकतो. पण रेस्क्यू डिस्क ती रांग पाळत नाही, फक्त वाचते. वाचणं वेगळं आणि पाळणं वेगळं. नुसत्या वाचण्याने व्हायरसला जाग येत नाही. आणि जागा नसलेला व्हायरस खोटं कसं बोलणार? जागेपणी तो कितीही मोठा जादूगार असो, आता तो एक साधी फाइल आहे, आपल्या पूर्ण नावागावासकट उघड्यावर पडलेली.

यातून काही संशोधकांना एक फारच सुंदर कल्पना सुचली. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात २००५ च्या सुमारास 'घोस्टबस्टर' नावाचं काम झालं, म्हणजे भुतं पकडणारा! पद्धत अगदी साधी. विंडोज चालू असताना सगळ्या फाइलींची यादी काढायची. मग स्वच्छ सीडीवरून मशीन सुरू करून तीच यादी पुन्हा काढायची. आता दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवायच्या. बाहेरून दिसते आणि आतून दिसत नाही अशी एखादी फाइल निघाली, तर ती जवळपास नक्कीच लपलेली! त्या व्हायरसचं नाव ठाऊक असायची गरज नाही. तो काल रात्रीच कुणी लिहिला असला तरी सापडतो. लपला नसता तर कदाचित निसटलाही असता, पण लपला म्हणूनच उठून दिसला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो होतो.

फेब्रुवारी २०१० मध्ये तर एका रूटकिटचं बिंग योगायोगाने फुटलं. मायक्रोसॉफ्टने नेहमीसारखं एक अपडेट पाठवलं आणि कितीतरी मशीन सुरूच होईनात, नुसता निळा पडदा. लोकांनी अपडेटला दोष दिला. तपासलं तर त्या मशीनमध्ये 'अल्युरिऑन' नावाचा रूटकिट आधीपासून दडलेला होता. विंडोजच्या पोटातल्या काही गोष्टी ठरावीक जागी असतात असं तो धरून चालला होता. अपडेटने त्या जागा बदलल्या, आणि अल्युरिऑन अंधारात भलत्याच ठिकाणी पाय टाकून मशीनसकट कोसळला. तो बसायचाही कुठे, तर हार्ड डिस्क वाचणाऱ्या ड्रायव्हरच्या फाइलमध्ये. म्हणजे डिस्कवरचं अक्षर अन् अक्षर त्याच्या हातून पुढे जायचं! पुष्कळांनी मग विंडोजच्या सीडीवरून मशीन सुरू करून ती एक फाइल बदलली, तेव्हा कुठे मशीन चालू झाली.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं. तसं नाही. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले. पुढे स्वतःचं दुकान टाकलं, कॅल्क्युलेटरवरून कॉम्प्युटरकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस फार. धाकटा भाऊ संजय पुण्याच्या मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होता. त्याने 'मायकेलअँजेलो' नावाचा व्हायरस साफ करणारा प्रोग्राम लिहिला. हा व्हायरसही जोशीसारखाच पहिल्या कप्प्यात बसणारा, पण स्वभावाने फार वाईट. चित्रकार मायकेलअँजेलोच्या जन्मतारखेला, ६ मार्चला, तो डिस्कवरचा सुरुवातीचा भाग पुसून टाकायचा. या दोघा भावांच्या कामातून 'क्विक हील' उभं राहिलं, आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात पोचली. त्यांच्या अँटिव्हायरसमध्येही 'इमर्जन्सी डिस्क' बनवायची सोय आहे, म्हणजे हीच आपली रेस्क्यू डिस्क.

रेस्क्यू डिस्क सगळंच पकडते असं मात्र नाही, आणि हे तुम्हाला सांगायलाच हवं. २०१८ मध्ये 'लोजॅक्स' नावाचा एक रूटकिट सापडला. त्याचं मूळ ठाण हार्ड डिस्कवर नसायचंच. मशीन सुरू होताना सगळ्यांत आधी जागा होणारा चिपमधला प्रोग्राम सांगितला ना, लोजॅक्स थेट त्यातच शिरायचा. हार्ड डिस्क बदलली तरी तो आपल्या जागी! असले व्हायरस विरळा. शिवाय डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असेल, तर किल्ली दिल्याशिवाय रेस्क्यू डिस्कलाही आतलं काही वाचता येत नाही. आणि व्हायरस काढला म्हणून त्याने आधीच चोरलेले पासवर्ड काही परत येत नाहीत. ते बदलावेच लागतात, तेही स्वच्छ मशीनवरून.

तर तिकडे कामठ्यात तास-दीड तास स्कॅन चालतो. लाल अक्षरांत नावं येऊ लागतात. एक फाइल विंडोजच्या पोटात, दोन तिच्या पिल्लासारख्या. भाऊ त्या काढून टाकतात, पण आधी नाव नीट वाचतात. विंडोजचीच एखादी गरजेची फाइल बिघडलेली असेल, तर ती नुसती उडवून भागत नाही, तिच्या जागी चांगली आणावी लागते. तुमच्या घरी किंवा शाळेत असा प्रसंग आला तर जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच हे करा.

"आणि माह्या पेनड्राइव्ह?"

बरोबर! तो विसरला तर सगळी मेहनत पाण्यात, कारण व्हायरस त्यावरून पुन्हा आत येईल. रेस्क्यू डिस्क चालू आहे तोवरच तो पेनड्राइव्हही लावून तपासून घ्यायचा. लिनक्सच्या खिडकीत तो उघडला, तर तिचे फोल्डर सगळेच्या सगळे तिथे आहेत! ते कुठे गेलेच नव्हते. व्हायरसने त्यांच्यावर 'लपवलेले' अशी खूण केली होती आणि त्यांच्या नावांचे शॉर्टकट बनवून पुढे मांडले होते. विंडोज ती खूण मानते, लिनक्स मानत नाही. आता ते खोटे शॉर्टकट डिलीट करायचे, त्यांच्यावर चुकूनही डबल-क्लिक करायचं नाही. मग विंडोज सुरू झाली की 'ॲट्रिब' नावाच्या कमांडने फोल्डरांवरची खूण काढायची. फोटो प्रिंटला तयार.